लेक कोमो पुठ्ठ्यात, अपडेट ३: तळ लागला एकदाचा

मंडळी, उशीर झाला पण आठही लेयर कापून झाले. नवीन लोकांसाठी परत सांगतो, इटलीतल्या लेक कोमोचं १:१,००,००० स्केलचं मॉडेल चाललंय, २ मिमीचा बाइंडिंगचा पुठ्ठा, एक लेयर म्हणजे ५० मीटर खोली. उभं स्केल चौपट का घेतलं असं दोघातिघांनी विचारलं होतं. तलाव ४०० मीटरच्या वर खोल आहे खरा, पण लांबी ४६ किलोमीटर, म्हणजे ४६ सेंटीमीटरच्या मॉडेलमध्ये खऱ्या प्रमाणात पाणी येतं जेमतेम ४ मिमी, दोनच पुठ्ठे! चौपट केल्यावर १६ मिमी मिळाले तेव्हा कुठे दरी दरीसारखी दिसायला लागली.

यावेळचं आवडतं काम म्हणजे लाल दोरा. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण १९८ मीटर वर, म्हणून चौथ्या आणि पाचव्या लेयरच्या मध्ये कडेकडेने दोरा चिकटवला, तीच समुद्रसपाटी. त्याच्या खाली अजून चार लेयर आहेत!! डोंगरातला तलाव आणि निम्म्याहून जास्त खोली समुद्राच्याही खाली, आकडा वाचून माहीत होतं पण बोट घालून बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. वाहती नदी समुद्रसपाटीच्या इतक्या खाली खड्डा करू शकत नाही, हिमनदीचा बर्फ करू शकतो. पण काही भूवैज्ञानिकांचं म्हणणं असंय की सुमारे ५५ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र बराचसा आटून त्याची पातळीच खूप खाली गेली तेव्हा नद्यांनी आधीच खोल घळ कोरली होती, हिमनदी नंतर त्यातूनच उतरली. मला हे पटतं.

एक लेयर मात्र फुकट गेला. आकार उलट्या वायसारखा ना, बेलाजिओ गावाच्या डोंगरापाशी बर्फ दुभंगला आणि दोन फाटे झाले, तर मी दोन्ही फाट्यांच्या टोकाला नदीसाठी खाच कापली. चूक! अड्डा नदी उत्तरेला कोलिकोजवळ आत येते आणि फक्त लेक्कोकडून बाहेर पडते, कोमो शहराकडचा फाटा बंद आहे. त्यामुळेच पाणी चढलं की कोमोचा काठावरचा चौक, पियाझ्झा काव्हूर, बुडतो. परत कापला. अड्डाच्या गाळाचं सपाट मैदान, पियान दी स्पान्या, तेही लावलं, त्याच गाळाने वरचा छोटा तलाव, लागो दी मेझ्झोला, मुख्य तलावापासून तोडलाय.

सगळ्यात खोल भाग आर्जेन्यो गावाजवळ, म्हणजे त्या बंद फाट्यातच, तिथली शेवटची पट्टी इतकी बारीक की दोनदा फाटली, शेवटी कटरला नवीन ब्लेड लावून हलक्या हाताने चार वेळा फिरवलं तेव्हा निघाली.

गम लावल्यावर पुठ्ठा वाकतोय म्हणून आत्ता सगळं विटांखाली दाबून ठेवलंय. मग वार्निशचे दोन हात, नाहीतर पुठ्ठ्यातली हवा रेझिनमध्ये (पाण्याच्या जागी ओतायचं, घट्ट होणारं पारदर्शक द्रव) बुडबुडे करते, आणि रेझिन तीन थरांत ओतणार. निळा रंग किती घालायचा कुणी सांगेल का, लाल दोरा दिसायलाच हवा.