नव्या उपनगरातल्या घराच्या भावाची फोड

वाढत्या उपनगरातल्या घराच्या भावात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: तिथे आज राहण्याचं मोल आणि उद्याची आशा. विकणारा दोन्हींचे पैसे एकदमच मागतो. म्हणून मी आधी भावाची फोड करते, आणि त्याला भाड्यासारखं दुसरं माप नाही. होऊ घातलेल्या रेल्वेसाठी भाडेकरू आज जास्त पैसे मोजत नाही. नळाला पाणी आहे का आणि कामावर वेळेत पोचता येतं का, एवढंच तो बघतो.

समजा, किंमत १०० आणि वर्षाचं भाडं ३. म्हणजे किंमत भाड्याच्या ३३ पट. शेजारच्या जुन्या, भरलेल्या वस्तीत हेच प्रमाण २५ पट असेल, तर या घराचं आजचं मोल ७५. वरचे २५ आशेचे. भाडं जाहिरातीतलं धरायचं नाही, झालेल्या करारातलं धरायचं. विक्रीचा भावही नोंदणी झालेल्या व्यवहारातलाच, आणि शक्यतो त्याच इमारतीतल्या, तेवढ्याच कार्पेट क्षेत्रफळाच्या घराचा. परिसराचा सरासरी भाव फसवतो. यंदा मोठी, महागडी घरं जास्त विकली गेली की सरासरी वर जाते, पण एकाही घराचा भाव वाढलेला नसतो.

मग आशेवर थांबण्याचा खर्च. कर्जाचा दर ८ टक्के धरला आणि रिकामे महिने, देखभाल, कर वजा जाऊन भाड्यातून किमतीच्या २ टक्के हाती राहिले, तर दरवर्षी ६ टक्क्यांची तूट. ४ वर्षांनी नुसत्या बरोबरीसाठी भाव १२६ व्हायला हवा, ७ वर्षांनी १५०. नोंदणी आणि दलाली वेगळीच. स्वतः राहणार असलात तरी आकडे हेच, फक्त मिळणाऱ्या भाड्याच्या जागी वाचलेलं भाडं येतं.

रेल्वे किंवा रस्ता आला की भाव वाढतो हे खरं, पण वाढ बऱ्याचदा आधीच होऊन गेलेली असते. शिकागोतला मिडवे रेल्वेमार्ग १९९३ साली सुरू झाला. स्थानकांजवळच्या घरांच्या भावावर त्याचा परिणाम १९८७ पासूनच दिसू लागला होता, असं तिथल्या व्यवहारांच्या अभ्यासात आढळलं. त्यामुळे घोषणेला मी शून्य गुण देते. निधी मंजूर झालाय का, कंत्राट दिलंय का, हे बघते. पण खरी मेख भूसंपादनात असते. दहा किलोमीटरच्या मार्गावर तीनशे मीटर जागा अडली, तर बाकीचे खांब उभे राहूनही गाडी धावत नाही. म्हणून आखणीचा नकाशा घेऊन तो सगळा मार्ग डोळ्यांखालून घालावा. खांबांची रांग जिथे तुटते, तिथल्या टपरीवर विचारावं. माहिती पुस्तिकेपेक्षा खरं उत्तर मिळतं.

पुरवठ्याकडे लोक फारसं बघतच नाहीत. न विकलेली घरं ६०० आणि महिन्याला खप २५, म्हणजे दोन वर्षांचा साठा. तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोर बिल्डर कोरं घर आणि वर सवलत घेऊन उभा असेल. चहूबाजूंनी मोकळी जमीन असलेल्या भागात मागणी वाढली की भाव वाढण्याऐवजी घरंच वाढतात. विकास आराखड्यात आजूबाजूच्या जमिनी कशासाठी राखल्या आहेत ते बघितल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत.

इमारतीत राहतं कोण, हे कामाच्या दिवशी रात्री नऊला समजतं. खिडक्यांतले दिवे मोजायचे. जमलं तर तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत डोकवायचं: किती मीटर चालू आहेत, किती धूळ खात पडलेत. घरं विकली गेली पण भरली नाहीत, की दुकानं टिकत नाहीत, लिफ्ट आणि पंपाची थकबाकी साचते. देखभालीच्या हिशेबात टँकरचा खर्च किती, तेही तिथेच विचारून घ्यावं. आणि सखल भाग असेल तर दुकानदारांनी खालचा माल विटांवर मांडलाय का बघावं. पाणी कुठवर चढतं ते त्यावरून कळतं.

प्रवासाचं थोडक्यात: दारापासून दारापर्यंत, गर्दीच्या वेळी, दोन्ही दिशांनी. आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस हिशेबात धरावा, कारण घरातून निघायची वेळ तोच ठरवतो.

शेवटी बँकेचं मूल्यांकन. बँक किमतीच्या ८० टक्के देते असं धरून लोक २० जमवतात. मूल्यांकन ९० आलं की कर्ज ७२ वर येतं आणि खिशातून २८ जातात. नव्या भागात तुलनेला व्यवहार कमी असल्यामुळे असं होण्याची शक्यता जास्त. म्हणून बयाणा देण्यापूर्वीच मूल्यांकन करून घ्यावं. ते जमत नसेल तर कर्ज कमी मंजूर झाल्यास बयाणा परत मिळेल, ही अट लेखी घालून घ्यावी.