वरकस उतारावरचे अर्धचंद्र

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मुरबाड तालुक्यातली एक ठाकूरवाडी. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोहून आलेले मृद्संधारणातले जाणकार, त्यांचं फ्रेंच इंग्रजीत सांगणाऱ्या दुभाषी बाई, ते पुढं मराठीत आणणारा मी, आणि कुदळ-फावडी घेऊन आलेली वाडीतली पंधरा माणसं.

वाडीच्या उतारावर पावसाचं पाणी अडवायचं होतं. पाहुण्यांच्या आराखड्यात त्या उताराला ‘ओसाड’ म्हटलं होतं. मी तो शब्द उच्चारला आणि एक बाबा म्हणाले, “ओसाड नाय, वरकस हाय. दोन-तीन साल नाचणी-वरई काढायची, मंग तशीच ठेवायची.” विसाव्यासाठी ठेवलेल्या जमिनीला ओसाड म्हटलं, की ती कसणारी माणसंच कागदावरून पुसली जातात. पाहुण्यांकडेही जमीन काही वर्षं मोकळी ठेवण्याची रीत आहे, त्यामुळं त्यांनी लगेच आराखडा दुरुस्त केला.

पाण्यावर मात्र दुपारपर्यंत वाद चालला. त्यांनी पाणी अडवायला अर्धचंद्र, म्हणजे अर्धगोल खड्डे, आखले होते: व्यास ४ मीटर, खोली २० सेंटिमीटर, काढलेल्या मातीचा बांध खालच्या कडेला. उत्तर बुर्किनात वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथले शेतकरी याकुबा सावाडोगो यांनी १९८०च्या सुमारास झाईची, म्हणजे शेणखत घातलेल्या लहान खड्ड्यांची, जुनी पद्धत सुधारून कडक पडलेली जमीन पिकती केली, ती त्याच भागात. तिथं प्रत्येक थेंब अडवायचा असतो. आमच्याकडं जुलैत एका दिवसात २०० मिलिमीटर पडणं नवल नाही.

मी काठीनं मातीतच हिशेब मांडला. एका अर्धचंद्रात साधारण सव्वा घनमीटर पाणी मावतं. त्याच्या वरचा ३२ चौरस मीटरचा उतार धरला आणि २०० मिलिमीटरातलं निम्मं पाणी जरी वाहून आलं, तरी ३.२ घनमीटर. जास्तीचं पाणी बांधाच्या मधल्या, सगळ्यात खोल भागावरून उसळणार आणि बांध तिथंच फुटणार. वाडीतल्या बायका हेच सकाळपासून सांगत होत्या: “पान्याला जायला वाट ठेवा.”

मग ठरलं ते असं. अर्धचंद्र ठेवायचे, पण प्रत्येकाच्या एका टोकाला बांधाच्या माथ्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली दगड बसवलेला सांडवा. ते पाणी खालच्या चरात, आणि चराला ओढ्याकडं अगदी हलका उतार. उतार काढायला बांबूचा ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी ‘A’च्या आकाराची चौकट: दोन पायांत २ मीटर अंतर, शेंड्यावरून आडव्या दांडीपुढं लोंबणारी, दगड बांधलेली दोरी. दोरी दांडीला जिथं छेदते तिथं खूण, मग पायांच्या जागा अदलाबदल करून दुसरी खूण करायची; दोन्हींचा मध्य म्हणजे समपातळी. ओढ्याकडच्या पायाखाली १ सेंटिमीटर जाडीची ढलपी ठेवली, की २०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार मिळतो. ढलपी भलत्या पायाखाली गेली तर चर उलटा भरतो, म्हणून तो पाय गेरूनं रंगवला. वाऱ्यात दोरी हलते; हलका खडा बांधला तर खूण हमखास चुकते, मुठीएवढा दगडच हवा. बांधावर निरगुडी लावली, कारण तिला शेळ्या तोंड लावत नाहीत.

तुलनेसाठी एक अर्धचंद्र सांडव्याशिवाय ठेवायचा, हा पाहुण्यांचा आग्रह होता. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात तो बरोबर मध्यावर फुटला. तांबूस माती खालच्या खाचरात बोटभर जाड पसरली होती. दुसऱ्या दिवशी बायकांनी ती घमेल्यांनी वर नेली, आणि फुटलेल्या बांधाला टोकाशी सांडवा ठेवूनच पुन्हा बांधलं.