अण्णांचा ल

अण्णांनी पहिलंच वाक्य टाइप केलं आणि चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावलं. मला वाटलं, काहीतरी बंद पडलं.

"हा ल कोणाचा?"

"म्हणजे?"

"हिंदीचा आहे हा. आपला नाही."

माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. उमेदीची सगळी वर्षं खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवण्यात गेली, शेवटची काही डीटीपीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावण्यात. छापखाना बंद होऊनही जमाना झाला. आता त्यांना तिथल्या आठवणी लिहायच्या होत्या, आणि त्याही वहीत नाही, "नीट टाइप करून". घरात होता माझा अकरा वर्षांचा लॅपटॉप. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात चहा उकळून, गाळून, अर्धा पिऊन व्हायचा. त्यातून मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, आणि विंडोज ११ च्या अटींत माझा प्रोसेसर बसत नव्हता.

लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार, आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. गेले. दुकानदाराने लॅपटॉप उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, इसमें पैसा मत डालो." तरी मी एक एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आणि ४ जीबी रॅमची, म्हणजे मेमरीची, आणखी एक पट्टी घेतली.

विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम निवडली, त्यातही एक्सएफसीई डेस्कटॉपवाली. विंडोजची सवय असलेल्याला कळावं ते असं, की लिनक्समध्ये डेस्कटॉप, म्हणजे समोर दिसणाऱ्या पट्ट्या, मेनू आणि खिडक्या, हा वेगळा सुटा भाग असतो. खालची सिस्टिम तीच ठेवून वर केडीई लावा, ग्नोम लावा, नाहीतर एक्सएफसीई. हे शेवटचं ऑलिव्हिये फूर्दाँ यांनी १९९६ मध्ये सुरू केलं, बोधचिन्ह उंदराचं, आणि ख्याती कमी मेमरीत भागवणारं म्हणून. माझ्या यंत्राला तेच झेपणार होतं. मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, हेही एक कारण. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून पाहिलं, मग टाकलं. वायफाय दिसेना, तेव्हा फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट दिलं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेतला. त्यात एक संध्याकाळ गेली, पण सांगण्यासारखं त्यात फार नाही.

खरं काम पुढेच होतं. अण्णांना काय दिसतं आणि काय नाही, हे त्यांच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. अॅपिअरन्सच्या फॉन्ट विभागात डीपीआयचा आकडा ९६ होता, तो १२० केला. सगळी अक्षरं एका झटक्यात मोठी झाली. माउसचा बाण २४ वरून ४८. खालच्या पट्टीवरून नको ते सगळं काढलं. चार-चार वर्कस्पेस, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून पालटून उघडायची चार टेबलं, कशाला हव्यात त्यांना? घड्याळात वार आणि तारीख टाकली, आणि तारखेची भाषा मराठी निवडल्यावर तिथे 'मंगळवार' दिसू लागला. अख्खे मेनूही मराठीत करून पाहिले होते, पण अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी अशी भेळ झाली. परत इंग्रजीवर आणले.

एक आगाऊपणा मात्र केला. जागा वाचावी म्हणून पट्टीला आपोआप लपायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन. "पट्टी गेली." फोनवरून 'माउस खाली न्या' हे समजावणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. घरी येऊन लपणं बंद केलं. बरं, लावलेली पट्टी जशीच्या तशी साठवून ठेवायची सोय पॅनल प्रोफाइल्समध्ये आहे. आता अण्णांनी चुकून काही ओढलं-काढलं तर दोन क्लिकमध्ये पूर्ववत.

सगळ्यात आवडलं ते त्यांना मी सांगितलंच नव्हतं. ऑल्ट दाबून माउसचं चाक फिरवलं की अख्खा स्क्रीन भिंगाखाली आल्यासारखा मोठा होतो. चुकून झालं त्यांच्याकडून. आता प्रूफ तपासताना अक्षर अन् अक्षर असं पुढे ओढून बघतात.

कीबोर्डची मला धास्ती होती, ती फुकट गेली. डीटीपीच्या काळात ते इनस्क्रिप्टवर शिकलेले. ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आहे आणि लिनक्समध्येही तीच मिळते: कीबोर्डच्या लेआउटमध्ये इंडिया, त्याखाली मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. मी अजून रोमनमधून मराठी उमटवते, म्हणून नुसती बघत बसले. त्यांनी 'दऱ्या' लिहिला. द, मग शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग य आणि काना. बोटं कुठेही थबकली नाहीत. मला विचाराल तर तो डोळ्यांच्या पापणीसारखा र कसा आणायचा हे मी कित्येकदा शोधून विसरले आहे.

आणि मग तो ल.

आधी वाटलं, फॉन्टचाच दोष. दोन रात्री फॉन्ट बदलत बसले. ल काही हलेना. शेवटी समजलं ते असं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ज्यात प्रत्येक अक्षराला क्रमांक देतो त्या यादीत, हिंदीचा आणि मराठीचा ल एकच, दोघांना एकच क्रमांक. आकार ठरवतो फॉन्ट. नोटोसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात, पण मजकूर कोणत्या भाषेतला आहे ते कोणीतरी सांगावं लागतं. अण्णा ज्यात टाइप करत होते त्या लिबरऑफिसच्या पर्यायांत भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टच्या, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या, रकान्यात गुपचूप 'हिंदी' बसलेली होती. तिथे मराठी निवडलं. आधी टाइप केलेलं तसंच राहिलं. ते सगळं निवडून त्यालाही मराठी भाषा दिली, आणि पानभर ल पाकळीचे झाले. श देठाचा झाला. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमालेसाठी हेच आकार धरले आहेत, हे मला तेव्हा कळलं. अण्णांना निर्णयाची गरज नव्हती.

"हां," एवढंच म्हणाले, आणि बाजूला टेकवलेला चष्मा घालून पुढचं वाक्य लिहायला लागले.

फाइलींच्या नावांमध्ये मात्र अजून हिंदीचाच ल दिसतो. सिस्टिमची भाषा इंग्रजी आहे ना. ते अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही, मीही विषय काढलेला नाही.

पण झेंडा लक्षात आला. पट्टीवर कीबोर्डची भाषा दाखवायला मी छोटा प्लगइन लावला होता. मराठीला तिरंगा, इंग्रजीला अमेरिकेचा झेंडा.

"आपल्या घरात हा कशाला?"

सेटिंगमध्ये चित्राऐवजी अक्षरं दाखवायचा पर्याय निवडला. आता तिथे इंग्रजीसाठी 'यूएस' अशी दोन रोमन अक्षरं येतात. अण्णांनी ऑल्ट दाबून ती भिंगाखाली ओढली आणि माझ्याकडे पाहिलं.

"अक्षरं बदलली, देश तोच राहिला की."