पुण्याच्या गच्चीवरून एसओ-५० उपग्रह: पहिल्या क्यूएसओपर्यंत (दुतर्फा रेडिओ संपर्कापर्यंत)

हॅम रेडिओचा (हौशी रेडिओ संपर्काचा) परवाना हाती आल्यावर गावातल्या रिपीटरवर (ऐकलेला सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रावर) मनसोक्त बोलून झालं आणि मग उपग्रहाचं वेड लागलं. सुरुवातीला एसओ-५० निवडला. डिसेंबर २००२ मध्ये सोडलेला हा छोटासा सौदी उपग्रह अजून एफएमवर काम देतोय, त्यामुळे साधे हँडी (हातात धरायचे रेडिओ सेट) पुरतात. महागडा सेट घ्यायची घाई करू नका.

बरेच पास (उपग्रहाच्या आपल्या आकाशातल्या फेऱ्या) मी नुसते ऐकले. डाउनलिंक (उपग्रहाकडून खाली येणारा सिग्नल) ४३६.७९५ मेगाहर्ट्झ. पण डॉप्लरमुळे (उपग्रहाच्या वेगाने फ्रिक्वेन्सी सरकते त्यामुळे) उपग्रह उगवताना तो ४३६.८०५ च्या आसपास सापडतो आणि मावळताना ४३६.७८५ वर. म्हणून पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने पाच फ्रिक्वेन्सी सेटच्या मेमरीत भरून ठेवल्या. हा बदल एकसारख्या वेगाने होत नाही. क्षितिजाजवळ असताना बराच वेळ एकच मेमरी चालते, आणि उपग्रह सगळ्यात जवळ आला की मधल्या मेमरी भराभर बदलाव्या लागतात. अगदी डोक्यावरून जाणाऱ्या पासमध्ये अँटेनाही झपकन फिरवावी लागते. शिकायला क्षितिजापासून ४०-५० अंश वर जाणारा पास उत्तम.

अँटेना घरचीच: पीव्हीसी पाइपवर मेजरिंग टेपच्या पट्ट्या बसवलेली यागी (एका दिशेला रोखायची अँटेना). सगळं कसब मनगटात आहे. नेम बरोबर असतानाही आवाज खरखरीत बुडतो. मनगट पाव वळसा फिरवलं की शब्द न् शब्द लख्ख वर येतो. उपग्रह फिरत असतो, त्याच्या लहरींचं ध्रुवीकरण (कंपनाची दिशा) बदलत राहतं, आणि ते कानाने पकडावं लागतं.

अपलिंक (आपण वर पाठवायचा सिग्नल) १४५.८५०, सोबत ६७ हर्ट्झचा टोन (रिपीटरने आपला सिग्नल स्वीकारावा म्हणून जोडलेला खालचा स्वर). उपग्रहावरचा रिपीटर झोपलेला असेल तर आधी ७४.४ हर्ट्झच्या टोनने दोनेक सेकंद कॅरियर (न बोलता नुसता सिग्नल) द्यायची, मग तो दहा मिनिटं जागा राहतो. मी दोन हँडी वापरतो, ऐकायच्या हँडीला हेडफोन. यात एक अडचण येते: १४५.८५० ची तिसरी हार्मोनिक (तिपटीची फ्रिक्वेन्सी) ४३७.५५० वर, म्हणजे डाउनलिंकच्या शेजारीच पडते आणि आपलाच रिसिव्हर बहिरा होतो. पॉवर कमी केली आणि मध्ये फिल्टर टाकला, तेव्हा बराच फरक पडला. चॅनल एकच, पास जेमतेम दहा-बारा मिनिटांचा, आणि रांगेत अर्धा भारत. म्हणून माझं ठाम मत आहे: उपग्रह नीट ऐकू येत नसेल तर पीटीटीला (बोलायच्या बटणाला) हात लावू नये.

परवाच्या सकाळच्या पासमध्ये कॉलसाइन (माझं रेडिओवरचं ओळखनाव) दिलं, पाठोपाठ ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा संकेत) एमके६८, आणि माझाच आवाज वरून हेडफोनमध्ये आला. अंगावर काटा आला! लगेच बंगळुरूहून उत्तर आलं: एमके८२. रिपोर्टची (सिग्नल कसा ऐकू येतो याची) देवाणघेवाण झाली आणि पुढच्यासाठी जागा सोडली.

इस्रोने २००५ मध्ये सोडलेला आपला हॅमसॅट २०१४ पर्यंत चालला. त्यावर काम करायला मिळालं नाही, याची हुरहुर आहे. तो लिनियर ट्रान्सपाँडरवाला (फ्रिक्वेन्सीचा अख्खा पट्टा परत पाठवणारा) होता. आरएस-४४ उपग्रहही तसाच, म्हणून आता मोर्चा त्याच्याकडे वळवलाय. त्याचा ट्रान्सपाँडर उलटा असल्याने वर एलएसबी (सिग्नलची खालची बाजू) पाठवली की खाली यूएसबी (वरची बाजू) येते. त्याची कक्षा जास्त उंच, त्यामुळे पासही निवांत. ४३५.६०५ वरचा त्याचा मोर्स बीकन (मोर्समधला ओळखसिग्नल) ऐकू येतोय. एसएसबीचा (अशी एकच बाजू पाठवणारा) सेट शोधणं चालू आहे.