टॅक्स_रेटचं जीएसटी_रेट करताना

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव बदललं तरी व्ह्यू (नाव देऊन साठवलेल्या क्वेरी) मोडत नाहीत; त्यांच्यात नावाऐवजी कॉलमचा क्रमांक साठवलेला असतो. पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेतलं फंक्शन मात्र पीजी_प्रॉक या फंक्शनांची नोंद ठेवणाऱ्या टेबलच्या प्रोएसआरसी कॉलममध्ये पडून असलेला निव्वळ मजकूर; त्यातलं जुनं नाव तसंच राहतं. बिलांच्या टेबलातल्या टॅक्स_रेटचं जीएसटी_रेट करायचं होतं, म्हणून जुनं नाव कुठल्या फंक्शनांत आहे ते आधी हुडकायला बसलो.

इन्फर्मेशन स्कीमातलं रूटीन्स, म्हणजे फंक्शनांची तयार यादी, मी यासाठी वापरत नाही. ज्या फंक्शनची मालकी आपल्या रोलकडे (डेटाबेसमधल्या आपल्या खात्याकडे) नाही त्याचा मजकूर तिथे नल, म्हणजे रिकामा, दिसतो, आणि ते यादीतून गुपचूप गळतं. लाइक हा साधा शोधही नको, कारण त्यात अंडरस्कोअर म्हणजे कुठलंही एक अक्षर. टिल्ड-स्टार लावून रेग्युलर एक्स्प्रेशन घेतलं, की कॅपिटल-स्मॉलचा भेद राहत नाही. नावाआधी बॅकस्लॅश स्मॉल एम (शब्दाची सुरुवात), नंतर बॅकस्लॅश कॅपिटल एम (शब्दाचा शेवट). अंडरस्कोअर शब्दाचाच भाग धरला जातो, त्यामुळे टॅक्स_रेट_ओल्ड आपोआप बाजूला पडला.

कर काढणारं मुख्य फंक्शनच यादीत नव्हतं! पाहिलं तर त्याचा प्रोएसआरसी रिकामा. आवृत्ती 14 पासून बिगिन ॲटॉमिकने लिहिलेलं एसक्यूएल फंक्शन पार्स होऊन प्रोएसक्यूएलबॉडी या वेगळ्या कॉलममध्ये जातं. ते वाचायला पीजी_गेट_फंक्शनडेफ लागतं, आणि त्यात ॲग्रिगेट (बेरीज-सरासरीसारखं फंक्शन) आलं की एरर येते, म्हणून प्रोकाइंड या प्रकाराच्या कॉलममध्ये एफ (फंक्शन) किंवा पी (प्रोसीजर) एवढंच घ्यायचं. पण शोधातून निसटलेलं हेच फंक्शन निर्धोक होतं. व्ह्यूसारखं तेही नवं नाव स्वतःच उचलतं.

धोका दुसरीकडे होता. महिनाअखेरीच्या एका फंक्शनात टॅक्स आणि _रेट हे तुकडे जोडून कॉलमचं नाव बनत होतं आणि ती क्वेरी एक्झिक्यूटने, म्हणजे मजकूर ऐन वेळी जोडून, चालत होती. असं नाव कुठल्याच शोधात सापडत नाही. शिवाय पीएल/पीजीएसक्यूएल कॉलम आहे की नाही ते ती ओळ चालवतानाच तपासतं, म्हणजे महिनाअखेरीपर्यंत सगळं सुरळीतच वाटलं असतं. एक्झिक्यूट शब्द असलेली सगळी फंक्शनं वेगळी काढून ओळन् ओळ वाचली, तेव्हा हे हाती लागलं. या वाचनाला पर्याय नाही.

नाव बदलणं आणि दुरुस्त फंक्शनं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाकली, लॉक_टाइमआउट (लॉकची वाट पाहायची मर्यादा) 5 सेकंद ठेवून. कारण नाव बदलताना टेबलवर ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह लॉक लागतो आणि तोवर बाकी सगळ्यांना थांबावं लागतं. मग रिपोर्टिंगच्या डेटाबेसमध्ये हाच शोध पुन्हा, कारण पीजी_प्रॉक प्रत्येक डेटाबेसचा वेगळा.