लवकर येणाऱ्याला दंड जास्त

मुंबईत उशिरा येणाऱ्याकडे कारणांचा तोटा नसतो. मेगाब्लॉक, पाऊस, सायनला ट्रॅफिक. लवकर येणाऱ्याला तर कोणी कारणही विचारत नाही. यजमानीणबाई ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून दार उघडतात आणि दात आवळून 'या, या' म्हणतात. हा लवकर येणारा खरा गुन्हेगार, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला. बाबांचे बँकेतले मित्र, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. साडेसातला जेवायला बोलावलं आणि गाडी लवकर मिळाली, तर काका आमच्या जिन्याच्या वळणावर पेपर वाचत उभे राहायचे. सात एकोणतीसला बेल वाजली, असं कधी झालं नाही.

ही खोड रॅलीची. काका सोमवार ते शुक्रवार कॅशियर आणि सुट्टीच्या दिवशी मोटर रॅलीचे मार्शल, म्हणजे रस्त्यावर नियम आणि सुरक्षा सांभाळणारे, तेही बिनपगारी. लहानपणी जुहूच्या धावपट्टीवर रेसेस व्हायच्या, त्या बघून हा नाद लागला. पुढे नझीर हुसेन या मुंबईकराने 1980 साली हिमालयन रॅली उभी केली, तेव्हापासून तर काकांचा देव ठरला. गाडी मात्र त्यांनी आयुष्यात घेतली नाही. 'ठेवू कुठे?' या दादरकराच्या प्रश्नाला त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं.

त्यांची आवडती जागा म्हणजे टाइम कंट्रोल, गाड्यांची वेळ नोंदवायची चौकी. रस्त्याकडेला एक टेबल, त्यावर घड्याळ, आधी पिवळी पाटी, मग लाल पाटी. प्रत्येक गाडीने नेमून दिलेल्या मिनिटालाच तिथे कार्ड द्यायचं. उशीर झाला तर मिनिटाला 10 सेकंद दंड. लवकर कार्ड दिलं तर मिनिटामागे अख्खं 1 मिनिट, म्हणजे सहापट. कारण स्टेज, म्हणजे रस्ता बंद करून वेगाने पळवायचे टप्पे, आणि अशा दोन स्टेजमधला रस्ता मात्र तुमच्याआमच्यासाठी खुला असतो, एसटीही तिथूनच जाते. लवकर पोचायचं बक्षीस ठेवलं तर लोक तिथेही स्टेजसारखे सुटतील. म्हणून शहाणे नॅव्हिगेटर, म्हणजे ड्रायव्हरशेजारी बसून वाट आणि वेळ सांभाळणारे, पिवळ्या पाटीच्या अलीकडे गाडी थांबवून घड्याळाकडे डोळे लावून बसतात. एखादा नवखा घाईने कार्ड पुढे करायचा आणि मग चूक लक्षात आली की 'काका, प्लीज' सुरू. काका शांतपणे आकडा लिहायचे. कॅश काउंटरवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला प्लीजचं काय कौतुक!

एकदा नाशिकच्या बाजूच्या रॅलीला मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेलो. पहाटे अंधारात जागेवर पोचलो. पहिली गाडी यायला अजून कितीतरी तास होते. मार्शलचा दिवस असाच असतो: रस्ता बंद व्हायच्या आधी हजर आणि सगळ्यांच्या मागून येणारी शेवटची स्वीपर गाडी निघून गेल्याशिवाय जागा सोडायची नाही. मधल्या वेळात पाण्याची बाटली, काकूंच्या डब्यातली पोळी-चटणी, शिट्टी आणि ऊन. त्या दिवशी काकांना वळणावर उभं केलं होतं. गावातली मंडळी हळूहळू जमली आणि अगदी चुकीच्या बाजूला, वळणाच्या बाहेरच्या बांधावर जाऊन बसली. तिथून मजा छान दिसते हे खरं. पण वेगातली गाडी सुटली तर बाहेरच्या अंगालाच फेकली जाते. काका शिट्टी न फुंकता जवळ गेले. 'भाऊ, ही जागा गाडीची आहे, तिला लागली तर ती घेणारच,' म्हणाले. म्हातारे आधी उठले, मग पोरं. मागून एक बैलजोडी आली, तिला वाट करून देण्यात अर्धा तास गेला. नंतर स्पर्धकांच्या आधी रस्ता तपासत जाणारी झिरो कार गेली आणि वातावरण एकदम बदललं.

मला वाटलं होतं, आता आपण रॅली बघणार. आवाज, धुरळा, दोन सेकंद, संपलं. काका तर गाडीकडे बघतच नव्हते. आधीची कुठे अडकली नाही ना, पुढची कधी येते, बांधावरचा लाल टीशर्टवाला पोरगा परत खाली उतरत नाही ना, एवढंच त्यांचं चाललं होतं. एक गाडी चरात गेली, तेव्हा मात्र ते माझ्या आधी पळाले. आतल्या दोघांनी हिरवी ओकेची पाटी दाखवली आणि काकांचा श्वास मला ऐकू आला. त्याच पाटीच्या मागे लाल एसओएस असतं.

मांडवात गणपतीकडे पाठ करून रांग सांभाळणारा कार्यकर्ता असतो ना, दर्शन न घेताच दहा दिवस काढणारा, त्यातलीच ही जात. फरक एवढाच की ट्रॅककडे पाठ करायची नाही. 2000 साली इटलीत मोंझाच्या फॉर्म्युला वन शर्यतीत पाओलो गिस्लिम्बेर्ती हा मार्शल गाडीचं सुटून आलेलं चाक लागून गेला. ते नाव काका नव्या पोरांना ब्रीफिंगमध्ये हटकून सांगायचे आणि लगेच 'डबा आणलाय का?' विचारायचे.

2011 साली दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटला भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तिथेही काका गेले. परत आल्यावर मी विजेत्याबद्दल अधीरपणे विचारलं, 'फेटेल कसा वाटला?' 'निळा होता,' म्हणाले. पण पहिल्या प्रॅक्टिसला ट्रॅकवर कुत्रं आलं आणि लाल झेंडा दाखवावा लागला, ते मात्र त्यांनी तासभर रंगवून सांगितलं. इतके देश, इतके कॅमेरे, आणि शेवटी कोणीतरी कुत्र्यामागे धावायचंच!

त्यांच्या जाण्यानंतर क्लबातल्या लोकांनी शोकसभा ठेवली. भाषणं फार झाली. त्यातलं एकच मला पटलं: एका नामांकित ड्रायव्हरने सांगितलं की काकांनी त्याला एकदा चार मिनिटांचा दंड ठोकला होता, आणि तो अजूनही त्याला बरोबर वाटतो.

काकांना मानधन म्हणून मिळायचा तो टीशर्ट. काकूंच्या कपाटात त्यांची चळत निघाली, पाठीवर मोठ्या अक्षरात 'ऑफिशिअल'. काकूंनी ते सोसायटीत वाटून टाकले. एक वॉचमनने घेतला आणि दुसऱ्याच दिवसापासून डिलिव्हरीवाले गेटसमोर गाड्या लावायचे बंद झाले. सेक्रेटरींनी आता काकूंकडे आणखी दोन मागितले आहेत.