पाहुण्याआधी दगड

आजचा अख्खा दिवस कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात गेला. मॅन्टिस श्रिम्प (कोळंबीसारखा दिसणारा, बिळात राहून ठोसे मारणारा समुद्री प्राणी) अजून यायचाय, पण टँकमधली लाइव्ह रॉकची मांडणी आधी हवी. हे नुसते शोभेचे दगड नव्हेत. त्यांच्या छिद्राछिद्रांत राहणारे जीवाणू विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात; छोट्या टँकचा खरा फिल्टर तोच.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे: दगड थेट तळाच्या काचेवर, वाळू नंतर. हा प्राणी खणण्यात पटाईत. वाळूवर टेकवलेला दगड त्याने खालून पोखरला, तर सगळा डोलारा त्याच्याच अंगावर. दुपारभर एकच दगड फिरवून फिरवून बसवत होते. (घरच्यांच्या मते सकाळीही तो तसाच दिसत होता.) बिळाचं तोंड अरुंद, आत वळायला पुरेशी जागा, आणि तोंड समोरच्या काचेकडे, नाहीतर महाराजांचं दर्शनच व्हायचं नाही!

भोवती छोटे तुकडे, शिंपले मुद्दाम पसरलेत. कात टाकायच्या वेळी तो यांनीच दार बुजवून घेतो. बाकी माझी सजावट तो मोडणारच, त्याबद्दल तक्रार नाही.

पीकॉक जातीच्या ठोशाचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत नोंदवलाय. माझा पाहुणा बराच लहान जातीचा, तरी तो आल्यावर टँकमध्ये हात नाही, लांब चिमटाच. आता अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत टेस्ट किट आणि मी.